इंग्रजीचा धडा आणि मुलांचे हात

मनमाड हें गांव पुष्कळ लोकांनीं रात्रींच पाहिलेलें असतें. गाडी बदलण्यासाठीं उतरावें, फलाटावर चहा घ्यावा, सामानावर बसून अर्धवट झोप काढावी आणि पहाटे दुसऱ्या गाडींत शिरावें, इतकाच बहुतेकांचा या गांवाशीं परिचय. माझा परिचय याहून थोडा अधिक आहे, कारण माझें बालपण तेथें, रुळांच्या आवाजांत गेलें. आज मला बोलावयाचें आहे तें मुलांना इंग्रजी शिकविण्याच्या साधनांविषयीं. त्यांतहि यंत्रांविषयीं आणि मुलांनीं हातांनीं करावयाच्या कामांविषयीं. त्याचा आरंभ मी मनमाडच्या फलाटावरून करतों आहें, याचें श्रोत्यांस नवल वाटूं नये.

१८५३ सालीं मुंबई ते ठाणें ही पहिली गाडी धांवली. पुढें बारा-तेरा वर्षांत जी. आय. पी. रेल्वेचे रूळ थळ घाट चढून खानदेशाकडे गेले. १८७८ सालीं धोंडचा फांटा मनमाडला येऊन मिळाला, आणि १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यांतून, औरंगाबादकडून, लहान मापाची गाडीहि आली. मोठी लाईन साडेपांच फुटांची, छोटी लाईन एका मीटरची. एका मापाचा डबा दुसऱ्या मापाच्या रुळावर चालत नाहीं. म्हणून एका बाजूस आलेलें पोतें माणसानें पाठीवर घ्यावें आणि दुसऱ्या बाजूच्या डब्यांत नेऊन टाकावें, असा क्रम कित्येक वर्षें चालला. या उलाढालींतून, आणि पुलांचे गर्डर घडविणाऱ्या रेल्वेच्या कारखान्यामुळें, गांवाला एक निराळीच भाषा मिळाली. बफर, कपलिंग, स्लीपर, फिशप्लेट, शंटिंग, रिव्हेट हे शब्द आमच्याकडे शाळेंतून आले नाहींत. ते कामावरून घरीं आले. ‘फलाट’ हा शब्द तर आपण इतका मराठी करून घेतला आहे कीं, तो मूळचा ‘प्लॅटफॉर्म’ हें कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं.

आमच्या आळींत एक वृद्ध खलाशी राहत असत. त्यांच्या तोंडीं शंभर-दीडशें तरी इंग्रजी शब्द सहज असतील, आणि त्यांतील एकहि शब्द त्यांनीं पाठ केलेला नव्हता. ‘कपलिंग’ म्हणतांना त्यांचे दोन्ही हात आपोआप एकमेकांत अडकत. परंतु पगाराच्या कागदावर ते अंगठा उठवीत. उलट, रुळापलीकडच्या शाळेंत जाणारा मुलगा इंग्रजींतले काळ घडाघड म्हणून दाखवी; पण एखाद्या परप्रांतीय उतारूनें ‘पाणी कोठें मिळेल’ एवढें इंग्रजींत विचारलें, तर तो आईमागें लपे. एकाच्या हातांत इंग्रजी होती, दुसऱ्याच्या वहींत होती. दोघांची गांठ कां पडली नाहीं, हा प्रश्न मला लहानपणींच पडला होता असें म्हणणें खोटें होईल. तो पडला पुष्कळ वर्षांनीं, आणि त्याचें उत्तर शोधूं लागलों तेव्हां शंभर-दोनशें वर्षें मागें जावें लागलें.

ही गांठ पहिल्यापासूनच सुटलेली होती असें मात्र नाहीं. आपल्याकडे अक्षरओळखीचा आरंभ धुळाक्षरांनीं होई. पाटावर बारीक धूळ पसरावयाची, बोटानें अक्षर काढावयाचें, पुसावयाचें, पुन्हां काढावयाचें. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत अँड्र्यू बेल नांवाचा एक पाद्री मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख होता. आसपासचीं मुलें वाळूंत बोटानें लिहितात हें पाहून त्यानें तीच रीति आपल्या शाळेंत आणिली, आणि थोड्या पुढें गेलेल्या मुलांनीं मागच्यांस शिकवावें असा क्रम बसविला. १७९७ सालीं त्यानें या प्रयोगाचें वर्णन लंडनमध्यें छापून काढलें. पुढें जोसेफ लँकेस्टर यानें तशाच पद्धतीच्या शाळा इंग्लंडांत पसरविल्या, आणि तेथील गरीब मुलें वाळूच्या तबकांत इंग्रजी अक्षरें गिरवूं लागलीं. मुंबईंत १८२२ सालीं देशी शाळांसाठीं व शाळापुस्तकांसाठीं मंडळी स्थापन झाली, तेव्हां तिनें शाळांसाठीं लँकेस्टरचीच पद्धति उचलली. म्हणजे आमची धूळपाटी विलायतेस जाऊन, नांव बदलून, साहेबाची म्हणून परत आली! यंत्र म्हटलें कीं आपल्याला तारा नि दिवे आठवतात; पण बोट, धूळ आणि डोळा यांना एकत्र आणणारें तें पाटाएवढें साधन हेंहि एक यंत्रच होय, आणि त्यापुढें आलेल्या कित्येक महागड्या यंत्रांस जें साधलें नाहीं तें त्याला साधलें होतें.

तें पुढें मागें पडलें, याचें कारण परीक्षा. १८५७ सालीं मुंबई विश्वविद्यालय निघालें आणि १८५९ सालीं पहिली मॅट्रिक झाली. नोकरीचा दरवाजा इंग्रजींतून उघडूं लागला, आणि त्या दरवाजाची किल्ली लेखी उत्तरपत्रिका ही ठरली. शिक्षणखात्याचे डायरेक्टर हॉवर्ड यांचीं वाचनपुस्तकें आलीं. नंतर तर्खडकरांची भाषांतरपाठमाला घरोघर झाली. तर्खडकरांविषयीं वांकडें बोलण्याची माझी छाती नाहीं. ज्या खेडेगांवीं इंग्रजी बोलणारा एकहि माणूस नाहीं, तेथील हुशार मुलाला केवळ दोन-तीन पुस्तकांच्या बळावर इंग्रजी वाचतां यावी, ही सोय त्या पाठमालेनें केली, आणि तिच्या आधारानें वर आलेलीं माणसें महाराष्ट्रांत थोडीथोडकीं नाहींत. परंतु तिची रीति होती ती मनमाडच्या मालधक्क्याची. मराठी डब्यांतलें पोतें उचला, इंग्रजी डब्यांत टाका; इंग्रजींतलें उचला, मराठींत टाका. माल पोंचतो, यांत शंका नाहीं. मात्र प्रत्येक पोत्यामागें पाठ वांकते आणि गाडी थांबून राहते. बोलणाऱ्याला थांबून चालत नाहीं.

यावर तोड म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभीं एक नवी पद्धति आली. जर्मनींत १८८२ सालीं व्हिल्हेल्म फीटोर यानें भाषा शिकविण्याची तऱ्हाच उलटी केली पाहिजे असें पुस्तक लिहून खळबळ उडविली होती. तो वारा आपल्याकडे पोंचावयास पंचवीस वर्षें लागलीं. मुंबईचें दुय्यम शिक्षकांचें ट्रेनिंग कॉलेज १९०६ सालीं निघालें. तुकारामांचे अभंग इंग्रजींत नेणारे नेल्सन फ्रेझर हे त्याचे प्राचार्य. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यांतलेच दुसरे अधिकारी पी. सी. रेन यांनीं १९११ सालीं हिंदी शाळांत इंग्रजी ‘प्रत्यक्ष’ कशी शिकवावी यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलें. प्रत्यक्ष म्हणजे मराठीचा टेकू न घेतां. शिक्षकानें पुस्तक उचलावें आणि इंग्रजींत सांगावें, मी पुस्तक उचलतों आहें. मुलानें उठावें, दाराशीं जावें, दार उघडावें, आणि प्रत्येक हालचालीबरोबर तें वाक्य स्वतःच्या तोंडानें म्हणावें. वाक्य आधीं अंगांत आणि मग कागदावर. आमच्या खलाशाची जी रीति नकळत होती, तीच येथें शास्त्र म्हणून मांडलेली होती.

मग ती रुजली कां नाहीं? पहिलें कारण उघड आहे: शिकविणाऱ्यांस स्वतःला इंग्रजी बोलण्याचा सराव नव्हता. ज्यानें आयुष्यांत कधीं इंग्रजींत पाणी मागितलें नाहीं, त्यानें इंग्रजींत दार उघडावयास सांगावें तरी कसें? दुसरें, वर्ग मोठे. पन्नास मुलें एकाच वेळीं दाराशीं जाऊं लागलीं तर शेजारचा वर्ग काय म्हणेल! आणि तिसरें, परीक्षा होती तशीच राहिली. दार उघडण्याला गुण नव्हते. या कथेला एक विनोदी शेपूटहि आहे. प्रत्यक्ष बोलण्याचा पुरस्कार करणाऱ्या या रेनसाहेबांनीं पुढें कादंबऱ्या लिहून जगभर कीर्ति मिळविली. परंतु आपल्याकडे त्यांचें नांव उरलें तें ‘रेन अँड मार्टिन’ या जाड व्याकरणामुळें. जो मुलांना व्याकरणांतून सोडवूं पाहत होता, त्याचेंच नांव आपण व्याकरणाच्या पाठीवर कोरून ठेविलें!

आतां मी १९३७-३८ सालाकडे येतों. या विषयाची खरी मेख त्या काळांत आहे असें मला वाटतें. ऑक्टोबर १९३७ मध्यें वर्धा येथें महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें सात वर्षांचा अभ्यासक्रम आंखला. शिक्षण मातृभाषेंतून द्यावें आणि तें सूत, लांकूड, माती अशा एखाद्या उद्योगाभोवतीं गुंफावें, ही त्याची दिशा. मुलाच्या हातांस शाळेंत एवढा मान आपल्याकडे पूर्वीं कोणीं दिला नव्हता. परंतु त्या सात वर्षांत इंग्रजी नव्हती. फेब्रुवारी १९३८ मध्यें हरिपुरा काँग्रेसनें हें धोरण तत्त्वतः मान्य केलें. तिकडे माध्यमिक शाळांत इंग्रजी होती, पण हातांनीं करण्याजोगें तेथें दौत नि टांक यांपलीकडे फारसें कांहीं नव्हतें. हातांच्या शाळेंत इंग्रजी नाहीं, आणि इंग्रजीच्या शाळेंत हात नाहींत, अशी ही वांटणी झाली.

त्याच महिन्यांत, १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजीं, आमच्या मनमाडास जी. आय. पी. रेल्वेवरील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रु होत, हें त्यांचें विधान याच परिषदेंतलें. परंतु त्या भाषणांत रेल्वेच्या रोजच्या कामाचा जो बारीक हिशेब आहे, तो मला तितकाच मोलाचा वाटतो. अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला पोर्टरची जागाहि मिळत नाहीं, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरचीं कामें करून घेतो, आणि घरांत त्याचा स्पर्श चालत नाहीं. कारखान्यांतहि कसबाच्या जागा त्याला बंद. अडथळा मुळांत जातीचा होता, इंग्रजीचा नव्हे. तें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. पण त्या पहिल्या भिंतीपलीकडे दुसरी भिंत उभी होती, आणि ती कागदाची होती. अर्ज, नियमांचें पुस्तक, बढतीची परीक्षा, सारें इंग्रजींत. दिवसभर लोखंडाशीं झुंजणाऱ्या माणसाला त्या लोखंडाचीं इंग्रजी नांवें ठाऊक होतीं. त्या नांवांवरून वाक्यांत, आणि वाक्यावरून अर्जांत जाण्याची पायरी तेवढी कोणीं बांधली नाहीं. मुलांना इंग्रजी कोणत्या साधनांनीं शिकवावी हा प्रश्न केवळ शिक्षकांच्या सोयीचा नव्हता, तो कोणाच्या मुलानें कोठपर्यंत जावें याचा होता.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यांत बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळानें पांचवी ते सातवी या इयत्तांतून इंग्रजी काढली आणि ती आठवीपासून ठेविली. आम्हीं ती तशीच, आठवींत, मिसरूड फुटण्याच्या वयांत सुरू केली. या धोरणामागचा हेतु मातृभाषेच्या प्रेमाचा होता आणि तो मला आजहि आदरणीय वाटतो. मात्र ज्यांच्या घरीं पुस्तकें होतीं त्यांची इंग्रजी आठवीपर्यंत थांबली नाहीं. ती घरींच सुरू झाली. थांबली ती खलाशाच्या मुलाची.

याच सुमारास यंत्रें पुढें आलीं. त्यांतलें पहिलें ग्रामोफोन. दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत लंडनच्या लिंग्वाफोन कंपनीच्या तबकड्या, सोबतच्या चित्रांच्या पुस्तकासह, इंग्रजीचे उच्चार घरोघर पोंचवूं लागल्या. तबकडी न थकतां तेंच वाक्य शंभर वेळां म्हणते, हा तिचा गुण. आणि ऐकणारा चुकला तरी ती पुढें जाते, हा तिचा दोष. शिवाय तबकडीची किंमत आमच्या आळीच्या हिशेबांत बसण्याजोगी नव्हती.

नभोवाणीचें तसें नव्हे. मुंबईचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. १९३६ सालीं ऑल इंडिया रेडिओ हें नांव आलें, आणि त्यानंतर थोड्याच काळांत शाळांसाठीं कार्यक्रम होऊं लागले. १९४३ पासून बी. बी. सी. नें ‘इंग्लिश बाय रेडिओ’ हे पाठ सुरू केले. एका चौकांत एक रेडिओ असला तरी पन्नास मुलांना अस्सल उच्चार फुकट ऐकतां येतो, ही गोष्ट लहान नाहीं. ज्या शिक्षकाला इंग्रजी बोलण्याचा सराव नाहीं त्याची उणीव हें यंत्र भरून काढील, अशी आशा तेव्हां पुष्कळांनीं बाळगली. पण झालें असें कीं, मुलें हाताची घडी घालून बसत, पेटींतला आवाज बोले, आणि वेळ संपली कीं मुलें उठत. जो दोष शाळेंत होता तोच रेडिओंत उतरला. कानाला काम मिळालें. जीभ आणि हात तसेच रिकामे.

यांतून वाट निघाली ती पुष्कळ उशिरां, आणि ती निघाली अगदीं साध्या युक्तीनें. १९७४ पासून अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मंडळींनीं निकाराग्वा देशांत रेडिओवरून गणित शिकविण्याचा प्रयोग केला. १९८० नंतर तोच प्रकार आफ्रिकेंतील केनियांत इंग्रजीसाठीं झाला. युक्ति अशी: रेडिओनें प्रश्न विचारावा आणि गप्प बसावें. किती वेळ गप्प बसावें हें प्रत्यक्ष वर्गांत मोजून ठरवावयाचें. चार सेकंद, सहा सेकंद. तेवढ्या वेळांत मुलांनीं मोठ्यानें उत्तर द्यावें, किंवा उठून खिडकीला हात लावावा, किंवा खडा उचलून शेजाऱ्याला द्यावा. मग रेडिओनें बरोबर उत्तर सांगून पुढें जावें. शिक्षक वर्गांत असतोच; तो हालचाल दाखवितो, मागें पडलेल्यास पुढें घेतो, आणि वर्षाअखेर स्वतःहि बरीच इंग्रजी बोलूं लागतो. रेनसाहेबांच्या पद्धतीला जो बोलका शिक्षक हवा होता, तो असा पेटींतून आला. आणि पेटीला जे हात नव्हते, ते वर्गांत होतेच. पुण्याच्या ‘सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस’ या संस्थेनें याच धर्तीवर मराठी शाळांतील मुलांसाठीं इंग्रजीचे रेडिओपाठ तयार केले, आणि ते आकाशवाणीवरून महाराष्ट्रांतील शाळांत गेले. नभोवाणीवर बोलणाऱ्या माणसाच्या तोंडीं हें शोभेल कीं नाहीं कोण जाणे, पण मला या साऱ्या कथेंत सर्वांत मोठा शोध वाटतो तो रेडिओच्या त्या गप्प बसण्याचा.

पुढचा भाग ठाऊक असलेला आहे, तो मी भरभर सांगतों. १९८४ सालीं पुण्यांत बालचित्रवाणी निघाली आणि धड्यांना चित्रें मिळालीं. जून २००० पासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असतांना, महाराष्ट्रांत पहिलीपासून इंग्रजी आली. खलाशाच्या नातवाला ती सहाव्या वर्षीं मिळूं लागली, हें मी त्या निर्णयाचें मोठें श्रेय मानतों. त्यावर झालेले आक्षेप मी वाचले आहेत, आणि त्यांतला शिक्षकांच्या तयारीविषयींचा आक्षेप रास्त होता. मग भ्रमणध्वनि आला. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनीं पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापून धड्यामागें आवाज आणि चित्रें जोडलीं. त्यांना २०२० सालीं जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्यांनीं त्यांतली अर्धी रक्कम इतर स्पर्धक शिक्षकांत वांटून दिली. तें काम केवळ इंग्रजीपुरतें नाहीं. पण खेड्यांतल्या मुलाच्या हातांतलें छापील पुस्तक बोलूं शकतें, हें त्यानें दाखविलें. अर्थात् बोलणारें पुस्तक आणि हाताची घडी घालून ऐकणारें मूल, हा जुना धोका तेथेंहि आहेच. पडदा जितका सुंदर, तितकीं मुलें अधिक स्तब्ध.

कांहीं दिवसांपूर्वीं मनमाडच्या बाजूस एका लहान शाळेंत जाण्याचा योग आला. तिसरीचा वर्ग. बाईंनीं बांकें एकामागें एक लावून गाडी केली होती. पुठ्ठ्याचीं तिकिटें मुलांनींच कापलेलीं, त्यांवर गांवांचीं नांवें इंग्रजींत, कांहीं उलट्या अक्षरांसह. बाईंच्या भ्रमणध्वनींत स्टेशनवरची खरी घोषणा भरून आणलेली होती, मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशी तिन्ही भाषांतली. ती एकदां ऐकवून बाईंनीं फोन बंद केला आणि एका मुलीला टेबलावर उभें केलें. ती घोषणा करणारी. एक तिकीट तपासनीस, एक गार्ड, बाकीचे उतारू. ‘व्हेअर इज युअर तिकीट?’ असें विचारतांना तपासनिसाचा आवाज चांगलाच चढला होता, आणि ‘हिअर इट इज’ म्हणून प्रत्येक जण तिकीट त्याच्या नाकाशीं नेत होता. गाडी सुटावयाची तोंच गार्डाची हिरवी झेंडी हरवली. सारा वर्ग बांकांखालीं शिरला. टेबलावरच्या मुलीला आतां करावयाचें कांहीं राहिलें नव्हतें. ती क्षणभर थांबली, आणि मग तोंडापुढें मूठ धरून गंभीरपणें म्हणाली, ‘द ट्रेन इज रनिंग लेट.’ हें वाक्य ऐकविलेल्या घोषणेंत नव्हतें, धड्यांतहि नव्हतें. बाईंनीं माझ्याकडे पाहिलें आणि त्या हंसल्या. झेंडी एका उतारूच्या खिशांत निघाली, आणि सात मिनिटें उशिरानें गाडी सुटली.